ताईची वेणी आणि टाकीचा काटा

"माझ्या वायरींना हात लावलास तर तंगडी मोडीन," ताई म्हणाली.

"मोड. पण आधी काटा बघ."

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. ती वायरिंगची कामं घेते, शाळा सोडल्यापासून मीही तिच्यासोबत. हा रंगाचा कारखाना आमचं सगळ्यात मोठं काम. टाकीत रंग किती आहे ते सेन्सर व्होल्टमध्ये सांगतो आणि मीटरचा काटा ते दाखवतो. रिकामी असली तर शून्य, गच्च भरली तर दहा. त्यावरून पंप चालतो नाहीतर थांबतो. पण आज काटा पिसाळला होता. पाचावरून आठ, आठावरून तीन. पंप बिचारा चालू-बंद, चालू-बंद. जेवणानंतर मॅनेजर बघायला येणार होता. काटा असाच नाचला तर पुढच्या शेडचं काम दुसऱ्याला देईन, असं त्याने तोंडावर सांगितलेलं.

"सेन्सरच खराब आहे. बदलू," ताई म्हणाली.

"एकदा बदललास ना? हा काय वेगळ्या आईचा निघणारे?"

"जीभ आवर."

नाही आवरली. मी मघापासून बघत होतो. रंग ढवळायची मोटर सुरू झाली की काटा उडतो, बंद झाली की गुमान बसतो. आणि सेन्सरची बारीक वायर कुठून गेलेली? मोटरच्या जाड केबलला चिकटून, पार टोकापर्यंत. ताईला टापटिपीचं वेड. सगळ्या वायरी विंचरल्यासारख्या एकत्र बांधते. लोक त्याला 'ताईची वेणी' म्हणतात.

"मोटरच्या केबलचा गोंगाट सेन्सरच्या वायरीत शिरतोय. ढोलाशेजारी बसून कानात कुजबुजतेयस तू," मी म्हणालो. "ऐकू काय जाणार, कपाळ?"

ताईने एकदा मोटरकडे पाहिलं, एकदा वेणीकडे. मग तिने पक्कड माझ्या हातात दिली.

"काप. चुकलास तर घरची भांडी कायमची तुझी."

मी बांधलेले पट्टे कापून वेणी सोडली. बारीक वायर ओढून काढली आणि समोरच्या भिंतीवरून एकटीच नेली.

मॅनेजर आला, आंबट तोंड करून. "मोटर लावा."

मोटर घरघरली. काटा पाचावर. त्याने काचेवर टिचकी मारली. काटा पाचावरच.

"पुढची शेड कधी धरताय?"

"उद्या," मी ताईच्या आधीच बोललो. तिने मला कोपर हाणलं, पण हसू काही तिला दाबता येईना.

"वेणी छान होती रे," ती नंतर म्हणाली.

"होती की. मोटरला फार आवडली."

माझी कॉलर अजून ताठ आहे. बाहेर फाटकाशी ताई हॉर्न बडवतेय, शिडी गाडीवर चढवायचीय. निघतो, मला आता जायलाच हवं.