वाट्यांचं वजन

मित्रांनो, मी एक जुना स्प्रिंगचा काटा आहे. वर टांगायला कडी, खाली आकडा, मध्ये पितळी पट्टी, एवढाच माझा संसार. आकड्याला पिशवी अडकवली की पोटातली स्प्रिंग ताणली जाते आणि पट्टीवरची खूण वजन सांगते. ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने प्रमाण वजनं लावून तपासलं आणि म्हणाला, "हा खोटं बोलायचा नाही." तेवढं कौतुक मी बरीच वर्षं पुरवून वापरलं.

मी दुकानात लागलो नाही. भाव गोळा करणाऱ्या सरकारी कचेरीने मला घेतलं आणि एका बाईंच्या हाती दिलं. बाजारात त्यांना सगळे 'भाववाल्या ताई' म्हणत. दर महिन्याला त्याच दुकानांत जायचं, त्याच वस्तूंचे भाव विचारायचे आणि सुटा माल माझ्यावर तोलून पाहायचा, हे त्यांचं काम. त्या भावांवरून महागाई किती वाढली ते कचेरी ठरवायची.

बाजाराच्या कोपऱ्यावर एक भाजीवाल्या मावशी बटाट्याचे वाटे लावून बसत. त्यांच्या वाट्याचा भाव कित्येक महिने हलला नव्हता. एकदा ताईंनी वाटा पिशवीत घालून माझ्या आकड्याला अडकवला. गेल्या वेळी मी जेवढा ताणलो होतो, तेवढा या वेळी ताणलोच नाही. भाव तोच होता, बटाटे कमी झाले होते.

मावशींचा चेहरा उतरला. "मी कुणाला फसवत नाही हो. मलाच माल महाग पडतो. भाव वाढवला तर गिऱ्हाईक फिरकत नाही."

"मी दंड करायला आलेली नाही," ताई म्हणाल्या.

"काटा घेऊन येणारा दुसरं काय करतो?" असं म्हणत मावशींनी वाट्यांवर गोणपाट ओढलं.

पुढच्या खेपेला त्यांनी वजन करू दिलं नाही. त्यांचं बघून शेजारच्यांनीही तोंड फिरवलं. मी ताईंच्या पिशवीत पडून राहिलो. आपण खरं बोललो तेच चुकलं, असं मला वाटू लागलं.

मग एका दुपारी ताई मावशींच्या शेजारी पोत्यावर जाऊन बसल्या. "घरी कोण कोण असतं?"

"सासूबाई आहेत. त्यांच्या पेन्शनवर त्यांचं औषधपाणी चालतं."

"ती पेन्शन महागाईच्या आकड्यावर वाढते. मी नुसता वाट्याचा भाव कळवला, तर बटाटे महाग झालेच नाहीत असं दिसेल. पेन्शन आहे तिथेच राहील."

मावशी बराच वेळ बटाटे खालीवर करत बसल्या. मग गोणपाट दूर सारून म्हणाल्या, "एकच काय मोजता? सगळे मोजा."

पुढे एकदा परदेशातल्या तशाच कचेरीतले पाहुणे आले. दोन्ही देशांचे भाव ताडून पाहायचे होते. त्यांच्याकडे बटाटे जाळीच्या पिशवीत मिळत, इथे वाट्यात. त्यामुळे आधी जात एक हवी आणि वजन एक हवं. ताईंनी त्यांचा काटा आणि मला एकाच खांबाला टांगलं आणि तीच पिशवी आळीपाळीने अडकवली. आमच्या खुणा जुळल्या. त्या परक्या काट्याशी माझं एक शब्दही बोलणं झालं नाही, पण आजही तो आठवतो.

"तुमच्याकडे बटाटे महाग का हो?" मावशींनी विचारलं.

पाहुण्यांचं बोलणं ताईंनी समजावलं. "बटाटे महाग, पण कपडे स्वस्त. पुष्कळ वस्तू ताडल्याशिवाय कुठे पैशाला किती येतं ते कळत नाही, म्हणतात."

किती बाजार हिंडलो आम्ही! पावशेर भाजी विकणाऱ्या किरकोळ दुकानांपासून मोठ्या मंडईपर्यंत मला सगळीकडे मान होता. पण एका वर्षीच्या तपासणीत प्रमाण वजन लावलं आणि माझी खूण हवी त्याहून खाली सरकली. ताईंनी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. माझी स्प्रिंग सैलावली होती, मी वजन जास्त दाखवत होतो. हलका वाटा भारी दिसला असता आणि महाग माल स्वस्त.

"दमलास रे," ताई म्हणाल्या. पदराने माझी पट्टी पुसून त्यांनी स्वतःच मला कपाटात ठेवलं आणि नवा विजेरी काटा उचलला.

फार लागलं मला ते. कडीला गंज चढत गेला तसा रागही चढला. तो उतरायला वर्षं गेली.

मित्रांनो, घरातला काटा ओलीत टाकू नका, वजन लावून तसाच टांगून ठेवू नका. अधूनमधून खऱ्या वजनाशी ताडून पाहा. तो चुकू लागला, तर कितीही लाडका असो, त्याला कामावरून उतरवा. आणि उतरवताना, जमलं तर, एकदा पुसून ठेवा.