विडी सोडवायला आणलेली डबी

मित्रांनो, मी एक जुनी पितळेची डबी आहे. मला दोन्ही बाजूंना झाकणं आहेत. एका बाजूला तंबाखू भरायची आणि दुसऱ्या बाजूला चुना. सध्या मी चेपलेल्या अवस्थेत नवनगरातल्या एका घराच्या मोरीत, घासणीच्या डब्यामागं पडून आहे. माझी झाकणं आता उघडत नाहीत.

तुम्ही फाटक्या पुस्तकांची आणि मोडक्या छत्र्यांची गाऱ्हाणी पुष्कळ ऐकली असतील. शेवटी सगळ्यांचं एकच मागणं असतं, आम्हाला जपा. मी तसलं काही मागणार नाही. का, ते ऐकायचं असेल तर बसा. कंटाळा आला तर खुशाल उठून जा, मी काही वाईट वाटून घेणार नाही.

जुन्या हुबळीतल्या एका बोळात माझा जन्म झाला. ज्या पत्र्यातून मी निघाले, त्याच पत्र्यातून एक निरांजन आणि एक कुंकवाचा करंडाही निघाला. आम्हा तिघांना एकाच हातानं घडवलं आणि एकाच चिंधीनं चमकवलं. दुर्गदबैलाच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात आल्यावर मात्र निरांजन आणि करंडा पुढच्या फळीवर गेले. मला अडकित्त्यांच्या शेजारी टाकलं. तेव्हाच मी काय ते ओळखायला हवं होतं. पण मी खुळी, मला वाटायचं, एखादी बाई येईल, माझ्या एका बाजूला हळद भरील आणि दुसऱ्या बाजूला कुंकू.

आणि खरोखरच एक बाई आली. तिचं नाव इंदुमती. तिचे यजमान सदाशिवअण्णा दुर्गदबैलातले धान्याचे व्यापारी. घराणं मूळचं मिरजेकडचं, पण इथं इतकं मुरलेलं की घरात मराठी, दुकानात कन्नड आणि भांडताना दोन्ही. अण्णांना विडीचं भारी व्यसन होतं. सकाळी त्यांच्या खोकल्यानं शेजारी जागे व्हायचे. इंदुमतीचे वडील असेच विडी ओढून, खोकून खोकून गेले होते. त्यामुळं नवऱ्यानं काडी ओढली की तिला वडिलांचा खोकला ऐकू यायचा.

अशात त्यांची मुलगी शीतल बाळंतपणाला माहेरी आली. ती वडिलांना म्हणाली, "अप्पा, घरात विडीचा धूर असला तर बाळाला घेऊन मी इथं राहायची नाही. आधीच सांगून ठेवते."

अण्णांना हे लागलं. त्यांनी शेजारच्या दुकानातल्या भीमरावांजवळ मन मोकळं केलं. भीमराव सुतळी आणि रिकामी पोती विकायचे, आणि सल्ले फुकट द्यायचे. त्यांनी मोबाइल पुढं केला. "हे बघा अण्णा. बाहेरच्या देशात डॉक्टरच सांगतात. सिगारेट सुटत नसली तर तंबाखू ओठात धरा. धूर नाही, म्हणजे त्रास कमी. छातीला तर काहीच नाही."

मोबाइलवरचा माणूस पुढं आणखी काही सांगत होता. पण तेवढ्यात सुतळीला गिऱ्हाईक आलं आणि भीमरावांनी त्याला बोलताबोलताच खिशात घातलं. झालं, तेवढ्या अर्ध्या ज्ञानावर माझं नशीब ठरलं.

अण्णांनी घरी हे सांगितलं आणि इंदुमतीला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं मला विकत घेतलं. नवनगरातल्या घरी नेऊन देवापुढं ठेवलं आणि मला हळद-कुंकू लावलं. माझ्या वाट्याला आलेलं हळद-कुंकू तेवढंच. मग तिनं तंबाखूतल्या काड्या वेचून काढल्या आणि स्वतःच्या हातानं मला भरलं. नवऱ्याला डबा भरून द्यावा तसं तिनं मला भरलं हो.

"अहो, विडीची आठवण झाली की यातली चिमूट घ्या," ती म्हणाली. "पण आता धूर नको."

"आयतु, ठरलं इंदू," अण्णा म्हणाले. "धूर बंद."

त्यांनी विड्यांचं बंडल तिच्यादेखत गटारात टाकलं. माणूस शब्दाचा पक्का. त्यानंतर त्यांनी विडीला हात लावला नाही. हळूहळू खोकला कमी झाला, जिना चढताना धाप लागेनाशी झाली. नात झाली, तिचं नाव दीपश्री ठेवलं. शीतलची नोकरी धारवाडला, त्यामुळं पोर आजोळीच वाढली. अण्णा तिला तासन्‌तास मांडीवर घेऊन बसायचे. मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायचे. बाळाचं डोकं माझ्यावर टेकायचं आणि अण्णा मला हळूच दुसऱ्या खिशात सरकवायचे, तिला टोचू नये म्हणून.

मित्रांनो, त्या दिवसांत माझा काय थाट होता म्हणून सांगू! सोयरेधायरे म्हणायचे, अण्णांनी विडी सोडली, मानलं पाहिजे. इंदुमती बायकांना माझं कौतुक सांगायची. अण्णा तर हमालांना उपदेशच करू लागले. "ती विडी टाक रे, ही चिमूट धर. छाती मोकळी होते." आमच्याकडे पाणी मागताना माणूस एखादे वेळी संकोचेल, पण चुना मागताना कुणी लाजत नाही. रस्त्यानं जाणारा अनोळखी माणूसही तळहातावर तंबाखू घेऊन दुकानाशी थांबायचा आणि विचारायचा, "सुण्णा ऐतेन्री, अण्णा?" चुना आहे का, एवढाच त्याचा अर्थ. अण्णा माझं झाकण उघडून हात पुढं करायचे. दुर्गदबैलात माझ्यातून किती जणांनी बोट भरून चुना नेला असेल, देव जाणे.

साखर तपासायला गेले की डॉक्टर विचारायचे, "धूम्रपान?" अण्णा छाती काढून सांगायचे, "सोडलं. नातीसाठी सोडलं." डॉक्टर म्हणायचे, "उत्तम." आणि पुढचा प्रश्न साखरेचा असायचा. मी खिशात बसून हे ऐकत होते. माझ्याबद्दल कुणी विचारत नव्हतं आणि अण्णा आपणहून सांगत नव्हते. त्यात लपवाछपवी नव्हती. मी सांगण्यासारखी गोष्ट आहे, असं त्यांना वाटतच नव्हतं.

आता अण्णांच्या धंद्याचं सांगते. कलघटगीकडचा मका असो की नवलगुंदची ज्वारी, अण्णा पोत्यात हात घालून चार दाणे काढायचे. तोंडातली तंबाखू थुंकायची, चूळ भरायची, आणि एक दाणा डाव्या दाढेखाली फोडायचा. कट्ट असा आवाज आला की मान डोलवायची. नाही आला तर म्हणायचे, "ओल आहे. आणखी दोन उन्हं दाखवा." त्यावर शेतकरी वाद घालत नसत. बाजारात अण्णांच्या दाढेला मान होता. आणि दाणा फोडून झाला की पुन्हा त्याच डाव्या गालात माझी चिमूट जायची.

दीपश्री बालवाडीत जाऊ लागली त्या सुमाराला अण्णांच्या डाव्या गालात आतून पांढरा चट्टा उठला. अण्णांनी आरशात बघितलं आणि म्हणाले, "चुना लागलाय." इंदुमतीनंही बघितलं आणि तेच म्हणाली. भीमरावांनी तर बघायच्या आधीच सांगितलं. तंबाखू खाणाऱ्याला कधी ना कधी चुना लागतोच. तोंड पोळतं, लोणी लावतात, चार दिवसांत बरं होतं. हे इथं सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळं पुढं कुणी विचारत नाही.

मग सगळा राग निघाला माझ्या चुन्याच्या बाजूवर. इंदुमतीनं ती बाजू गरम पाण्यानं खळखळून धुतली. चुन्याचं दुकान बदललं. नवा चुना जास्त दिवस भिजवला आणि तोही नखाएवढाच भरला. तंबाखूच्या बाजूला कुणी बोटही लावलं नाही. उलट चुना कमी पडला म्हणून तंबाखू चढेना, आणि अण्णा चिमूट मोठी घेऊ लागले. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. पण डबीचं कोण ऐकतंय!

चट्टा गेला नाही. त्याच्या जागी जखम झाली. अण्णा लोणचं बाजूला सारू लागले, मग भाकरी दुधात कुस्करू लागले. जेवताना ते भिंतीकडं तोंड करून बसायचे. दुकानात त्यांनी डाव्या दाढेखाली दाणा धरणंच सोडलं. उजवीकडं दाढा नव्हत्या. नुसता दाणा हातात घोळवायचे आणि अंदाजानं "चालेल" म्हणायचे. त्या अंदाजानं त्यांनी एकदा ओली ज्वारी घेतली. गोदामात पोती तापली आणि आतून कुबट वास येऊ लागला. भीमराव लोकांना म्हणाले, "अण्णांचं वय झालं." अण्णांनी ते ऐकलं आणि पुढचं पोतं उघडलं.

शीतल धारवाडहून आली तेव्हा बापाला भिंतीकडं तोंड करून जेवताना बघून तिनं ताट बाजूला केलं. मोबाइलचा दिवा लावून तोंडात बघितलं. तिचा चेहरा उतरला.

"केव्हापासून आहे हे?"

"चुना लागलाय गं," इंदुमती म्हणाली. "लोणी लावतेय मी. होईल बरं."

"आई, चुना लागून एवढं होतं का? उद्या दवाखान्यात जायचं."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बराच वेळ तोंड तपासलं आणि विचारलं, "तंबाखू केव्हापासून खाता?"

"विडी सोडली मी," अण्णा म्हणाले.

"मी विडीचं विचारलं नाही, काका."

अण्णांनी मला खिशातून काढून टेबलावर ठेवलं. मग पडत्या आवाजात भीमरावांच्या मोबाइलचं सांगितलं. धूर नाही, म्हणून त्रास कमी, असं परदेशातले डॉक्टर म्हणतात, असंही सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "विडी सोडलीत हे चांगलंच केलंत. छाती सुधारली ती त्यामुळंच. पण तिकडं ते जे ओठात धरतात ती वस्तू वेगळ्या रीतीनं बनवतात. तीसुद्धा, ज्याला सिगारेट सुटतच नाही त्याच्यासाठी म्हणतात. तिलाही निर्धोक कुणी म्हणत नाही. आपली ही चुना घालून मळलेली तंबाखू गालात धरली की तोंडाचा कर्करोग होतो. छाती वाचली, काका. तोंड नाही वाचलं."

घरी आल्यावर इंदुमतीनं मला हातात घेतलं आणि म्हणाली, "मीच आणली होती. मीच भरून देत होते." शीतल म्हणाली, "आई, तुला काय माहीत होतं?" पण इंदुमतीला ते पटलं नाही. त्या दिवसापासून ती देवापुढं उभी राहिली की तिचे डोळे भरून येतात.

तपासणीत कर्करोगच निघाला आणि ऑपरेशन करून अण्णांचा डावा जबडा काढला. जिभेचाही मोठा भाग गेला. जीव वाचला, हे खरं. आता ते पेज पितात, तीही मान मागं टाकून. ते बोलतात तेव्हा नुसता आवाज निघतो, शब्द होत नाही. कधी दुकानात नेऊन बसवलं तर सवयीनं पोत्यातला दाणा उचलतात, तोंडापर्यंत नेतात आणि परत पोत्यात टाकतात.

तुम्ही विचाराल, मग मला त्याच दिवशी भंगारात का नाही टाकलं? आमच्याकडच्या बायकांना पितळ टाकवत नाही, दुसरं काय! इंदुमतीनं मला चिंचेनं घासून लख्ख केलं, उन्हात वाळवलं आणि दीपश्रीच्या भातुकलीत ठेवून दिलं. "यात खोटंखोटं हळद-कुंकू भर हं," म्हणाली. मित्रांनो, मी किती सुखावले ते तुम्हाला कळायचं नाही. उशिरा का होईना, माझ्या मनासारखं झालं होतं.

दीपश्रीनं माझ्यात चुरमुऱ्यांचा चुरा भरला. दुपारची वेळ होती. अण्णा खुर्चीत बसून नातीचा खेळ बघत होते. तिनं माझं झाकण उघडलं. तळहातावर चिमूटभर चुरा घेतला. अंगठ्यानं मळला. दुसऱ्या हातानं दोन टाळ्या मारून भुसा उडवला, डावा गाल ओढला आणि चिमूट आत ठेवली. सगळं अगदी अण्णांसारखं. मग माझी दुसरी बाजू त्यांच्यापुढं धरून तिनं हसत विचारलं, "सुण्णा ऐतेन्री, अज्जा?"

अण्णा ताडकन उठले. त्यांना "नको" म्हणायचं होतं. तोंडातून नुसता घोगरा आवाज आला. अज्जा खेळतोय असं वाटून ती आणखी हसली. मग अण्णांनी मला तिच्या हातातून हिसकावलं, स्वयंपाकघरात नेलं आणि वरवंटा उचलून माझ्यावर घातला. पुन्हा घातला. माझी झाकणं आत गेली, पत्रा दुमडला. एवढ्या वर्षांत मला पटलेली गोष्ट तेवढीच.

दारात दीपश्री रडत उभी होती. "अज्जा, मी काय केलं?" तिनं विचारलं. अण्णा मला मोरीत भिरकावून, वरवंटा टाकून तिच्याकडं गेले, हात पसरले, आणि समजवायला तोंड उघडलं. तो आवाज ऐकून पोर घाबरली आणि आज्जीच्या पदरात शिरली. इंदुमतीनं पुष्कळ सांगून बघितलं. पण ती अजून अण्णांजवळ येत नाही. ज्या पोरीला मांडीवर घेता यावं म्हणून त्यांनी विडी टाकली आणि मला खिशात ठेवलं, ती आता त्यांच्या खुर्चीला वळसा घालून जाते.

म्हणून म्हणते मित्रांनो, मला जपू नका. कुणाच्या घरात माझी बहीण असली तर तिला घासूनपुसून ठेवू नका, आठवण म्हणूनही नको. भट्टीत टाका. आणि कुणी धुराचा त्रास सोडवायला तिला घरी आणत असेल, तर त्याला अण्णांना भेटवा. ते काही बोलणार नाहीत, नुसतं बघितलं तरी पुरे.

आणखी एक काम आहे. तुमच्यापैकी कुणी नवनगरात राहत असेल, दीपश्री तुमच्या बालवाडीत असेल, तर तिला माझा एक निरोप सांगा. अज्जा तुझ्यावर रागावला नव्हता, म्हणावं. त्याला स्वतःला ते सांगता येत नाही.