छत्रीवाला खाली बसला

“मी गप्प झाले तर विचार करतेय असं समजू नकोस हं. मी विचार तोंडाने करते,” आत्याने मला बजावलं होतं. मी हसले आणि बाळाचं दुपटं बदलायला लागले.

आत्या एकटी राहते. ती निवृत्त झाली तेव्हा आमचा जुना गेम कन्सोल नवऱ्याने तिच्याकडे नेऊन जोडला. तिचा वेळ जावा, एवढाच हेतू. पण एका रहस्याच्या गेमने तिला पार झपाटलं. बंद पडलेलं हॉटेल, एक खून आणि छत्री घेऊन फिरणारा गुप्तहेर. टीव्हीवरचा बाण एखाद्या वस्तूवर नेऊन बटण दाबलं की छत्रीवाला तिथे जातो, ती उचलतो, तपासतो. तिचा खेळ इंटरनेटवरून मला माझ्या टीव्हीवर दिसायचा. मी बाळाला पाजत बघायचे, आणि ती फोन स्पीकरवर टाकून अखंड बडबडायची. बाण बराच वेळ हलला नाही की छत्रीवाला कंटाळून खाली बसतो आणि पेंगायला लागतो. आत्या त्याला कधी बसू द्यायची नाही. म्हणायची, ऊठ मेल्या, खून झालाय इथे.

त्या दुपारी बाळ नुकतंच झोपलं होतं, म्हणून फोन नको असं मीच सांगितलं होतं. छत्रीवाला जिन्याखालच्या कपाटापाशी थांबला. मग बसला.

तिथलं कोडं होतंच अवघड. ‘अडलं घोडं?’ मी मेसेज टाकला. उत्तर नाही. पडद्यामागे बघ, असं सुचवलंही. रुसली असेल, म्हटलं. सवयीने बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास पाहिला. दिवसातून कितीदा पाहते, मलाच ठाऊक नाही. बोट तिथेच होतं आणि नजर टीव्हीवर गेली. छत्रीवाल्याची मान छातीवर पडली होती.

आत्या जेवणाआधी इन्सुलिन घेते. आणि खेळायला बसली की जेवण राहतं, मग साखर घसरते.

तिचा फोन वाजून वाजून बंद झाला. मग तिच्या इमारतीखालच्या शिंपीकाकांना लावला. त्यांच्याकडे चावी असते. ते कुरकुरले, की बाई गेममध्ये रमल्या असतील, जगबुडी झाली तरी उठायच्या नाहीत. मी म्हटलं, काका, शिव्या खाल्ल्यात तर माझ्या नावावर, पण वर जा. ते जिना चढेपर्यंत मी नवऱ्याच्या घरीच राहिलेल्या फोनवरून अँब्युलन्स बोलावली. बाळ जागं होऊन टाहो फोडत होतं.

चावी फिरली, पण आतून साखळी होती.

“ताई,” काकांचा आवाज उतरला होता. “फटीतून पाय दिसतोय. हाक मारतोय. हलत नाहीये.”

तोडा, म्हणाले मी. ते धावत खाली गेले, शिलाई मशिनचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. मला फक्त धातू खरवडल्याचा आवाज येत होता आणि त्यांचं पुटपुटणं: निघ रे, निघ. मग धाडकन दार.

“घाम फुटलाय. श्वास चालू आहे. साखर घालू तोंडात?”

“गिळता येतंय का?”

“नाही. जबडा आवळलाय.”

“मग काहीच घालू नका. कुशीवर वळवा. आणि फोन बंद करू नका.”

बाळाला खांद्यावर टाकून मी नुसती येरझाऱ्या घालत होते. अँब्युलन्सवाले आले, शिरेतून ग्लुकोज चढवलं. फोनवर मला नुसती त्यांची धावपळ ऐकू येत होती. मग लांबून, जड जिभेचा एक आवाज आला.

“कोणाचं लेकरू रडतंय? घ्या की त्याला कोणीतरी.”

मी भिंतीला टेकून तिथेच खाली बसले.

डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. आणि त्यातलाच काही वेळ मी तिला मेसेजवर चिडवण्यात घालवला होता.

तुमचंही कोणी एकटं राहत असेल. मेसेज नको. फोन लावा, आवाज ऐका. उचलला नाही, तर शेजारच्यांना दार वाजवायला सांगा. हे खाली ठेवा आणि आधी तेवढं करा.