पाहुणीचं ताट

पुलेंगने नॅपकिन झटकून उलगडला आणि ओरातिलेच्या मांडीवर पसरला. पसरताना तिने मुद्दाम नजर वर केली नाही. हीच ओरातिले कालपर्यंत तिच्या शेजारी उभी राहून काटे-चमचे पुसत होती.

"अगं राहू दे, मी घेते," ओरातिले कुजबुजली.

"पाहुण्यांनी हात लावायचा नसतो, म्मा," पुलेंग म्हणाली. त्या 'म्मा'मध्ये तिने इतका आदर ओतला की तो टोचावा.

जंगलातल्या त्या लॉजची एक रीत होती. दर वर्षी, पाहुण्यांची गर्दी ओसरली की, कामगारांपैकी एकाला घरच्या एका माणसासह पाहुणा म्हणून ठेवून घेत. पाणवठ्यासमोरची तीच खोली, तीच पहाटेची जंगलातली फेरी, तीच बडदास्त. यंदा आपलाच नंबर, असं पुलेंग धरून चालली होती. गावात आईला सांगूनही बसली होती. आईचं सगळं आयुष्य जंगलाच्या कुंपणापलीकडे गेलं. हत्तींचा आवाज तिने जन्मभर ऐकला, पण लेक दिवसभर कुठे राबते ते कधी पाहिलं नव्हतं. तिने डोईला बांधायला नवं फडकंसुद्धा घेऊन ठेवलं होतं. आणि मॅनेजरबाईंनी नाव घेतलं ओरातिलेचं. का, तर पाहुण्यांना तिचं हसू आवडतं. तबक कसं धरायचं, हे या बयेला शिकवलं कोणी? पुलेंगने. हसायला मात्र तिला कोणी शिकवलं नव्हतं, आणि पुलेंगच्या पोटात दुखत होतं ते नेमकं तिथेच.

ओरातिलेचा नवरा मोखोटो गावात पाण्याचा टँकर चालवायचा. आज तो इस्त्रीच्या शर्टात रेलून पाणवठ्याकडे पाहत होता.

"काय गं पुलेंग, झेब्र्यांना आम्ही येणार म्हणून कळवलं होतंस काय? आंघोळ करून आलेले दिसतात."

"कळवलं होतं. म्हणाले, टँकरवाला येतोय तर आमचं पाणी आम्ही आधीच पिऊन घेतो."

मोखोटो खो खो हसला. शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्या म्हाताऱ्या जोडप्यानेही कौतुकाने वळून पाहिलं. ओरातिलेही हसली, तेच ते हसू. पुलेंग स्वयंपाकघराकडे वळली.

आज जेवणात कुडू हरणाचं मांस होतं. ओरातिले बारोलोंग कुळाची लेक. कुडू तिचं बापाकडून आलेलं देवक. तिच्या माहेरी कुडू कधी शिजला नाही, त्याच्या कातड्यावर कधी कोणी बसलं नाही. कामगारांच्या पंगतीत उरलेला कुडू आला की पुलेंगच आपला घेवडा तिच्या ताटात सरकवायची. कोणाला काय चालत नाही हे आचाऱ्याच्या कानावर घालणं वाढणाऱ्या बाईचं काम. पुलेंगने ते घातलं नव्हतं, आणि ती विसरलीही नव्हती. तिला एवढंच हवं होतं: ताट समोर ठेवायचं, चारचौघांत 'कुडू' म्हणायचं आणि ते हसू मावळताना एकदा डोळे भरून बघायचं. मग, अरेरे, विसरलेच की, म्हणून ताट उचलायचं.

दोन्ही ताटं सारखीच दिसत होती. दाट रश्श्याखाली मांस, कडेला भोपळा आणि पालेभाजी. तिने ती दोघांपुढे ठेवली. मॅनेजरबाई पलीकडेच उभ्या होत्या.

"आज जेवणात..."

"सांगत नको बसूस," ओरातिले म्हणाली. "तू वाढतेयस ना? मग मी काय विचारायचं?"

तिने सुरी उचलली. मोखोटोने तर केव्हाच सुरुवात केली होती. पुलेंगला एकदम आठवलं: ओरातिलेच्या बापाच्या मर्तिकात म्हाताऱ्यांनी कुडूचं स्तवन म्हटलं होतं, आणि रडणारी ओरातिले कोसळू नये म्हणून पुलेंगनेच तिला कवेत धरून ठेवलं होतं. ओरातिलेने तुकडा कापला, रश्श्यात बुडवला, काटा उचलला.

"हे तुझं नाही," पुलेंग म्हणाली आणि तिने ताट खसकन ओढून घेतलं. रस्सा पांढऱ्या कापडावर सांडला. "दुसऱ्याचं आलं चुकून."

ओरातिलेचा काटा तसाच अधांतरी राहिला. ती पुलेंगकडे बघत होती, आणि आता हसत नव्हती.

"मोदिसे, तिला गाईचं दे, लवकर," पुलेंग आत जाऊन आचाऱ्याला म्हणाली. "कुडू चालत नाही तिला."

"गाईचंच आहे की ते." मोदिसेने मान वर केली नाही.

"तुला कोणी सांगितलं?"

"तिनेच. सकाळी मागच्या दाराने येऊन गेली. म्हणाली, पुलेंगच्या मनात आज बरंच काही असेल, तिच्या लक्षात नाही राहायचं." त्याने ताटाची कड पुसली, वर थोडा रस्सा घातला. "ने परत. काही बिघडलेलं नाही."

पुलेंग ताट घेऊन बाहेर आली. सांडलेला रस्सा दिसू नये म्हणून ओरातिलेने मांडीवरचा नॅपकिन त्या डागावर पसरून ठेवला होता. मॅनेजरबाई म्हाताऱ्या जोडप्याशी बोलत होत्या. पुलेंगने ताट खाली ठेवलं.

"आता सांग," ओरातिले हळू आवाजात म्हणाली. "काय आहे?"

"गाईचं."

ओरातिलेने मान हलवली आणि काट्याला मघापासून टोचलेला तोच तुकडा तोंडात घातला.