बाहीवरची काजळी

शिवणाच्या त्या एवढ्याशा दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. इस्त्रीवाली बाई कापडाच्या गठ्ठ्यावर चढून बसली होती, दूधवाली दारातच अडकली होती आणि माप द्यायला आलेलं एक गिऱ्हाईक अर्धवट शिवलेल्या कोटातच भिंतीला टेकून उभं होतं. सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यातल्या चुलीवर. चुलीपुढे पांढरीशुभ्र कफनी घातलेले धूरबाबा नाकातून गुरगुरत होते.

"मिटा डोळे! जो बघेल त्याच्या डोळ्यांत हा धूर जन्मभर राहील!"

सगळ्यांनी गच्च डोळे मिटले. बाबांनी चुलीला जोडलेल्या मातीच्या कट्ट्यामागून सावकाश एक फेरी मारली, पुढे येऊन काडी ओढली, आणि काय सांगावं! रोज घरभर धूर ओकणारी ती चूल शहाण्या मुलीसारखी धडधडत पेटली. ज्वाळा वर न येता आत ओढल्या गेल्या.

"अगं बाई, चमत्कार!" दूधवाली ओरडली. "बघा, मी हातसुद्धा लावला नाही," बाबा म्हणाले.

टेलरमास्तरांची सून काज-बटणाचा डबा मांडीवर घेऊन राग गिळत बसली होती. राग येणारच. चूल तिनं बांधली होती. भंगारातून पिंप तिनं आणलं, विटा तिनं रचल्या, माती तिनं तुडवली. लाकूड उभं घालायचं, ज्योत आडवी आत शिरते, विटांच्या नळीतून वर जाऊन पालथ्या घातलेल्या पिंपाला धडकते आणि मग धूर मातीच्या लांब कट्ट्यातल्या पाइपातून फिरत मागच्या धुराड्यानं बाहेर पडतो. मूठभर काटक्यांत कट्टा असा तापायचा, की विस्तव विझला तरी रात्रभर ऊब. सासूबाईंचे दुखरे गुडघे त्या कट्ट्यावर पहिल्यांदाच सुखानं झोपले होते. सून तेव्हा गुणाची होती.

मग चूल धुरायला लागली. सुनेनं लाकडं वाळवली, चुलीचं तोंड खरवडलं. धुराड्याच्या बुडाशी राख काढायचं एक झाकण होतं, ते ती उघडणार, तोवर सासूबाईंनी बाबांना बोलावलं. बाबांनी पहिलं काम काय केलं, तर त्या झाकणाला काळा दोरा बांधला. तो बाबांशिवाय कुणी सोडायचा नाही. बाबा आले की चूल पेटायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

"माउली," बाबांनी आज सासूबाईंकडे वळून आवाज खाली आणला, "बाधा चुलीला नाही. बांधणाऱ्या हाताला आहे. पायगुण! हिला माहेरी पाठवा. हिची सावली हटली की चूल आपोआप सुधारेल."

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. तो छताकडे पाहत होता. छतावर पाहण्यासारखं काहीही नव्हतं.

"माझा तुझ्यावर राग नाही गं," सगळे पांगल्यावर सासूबाई तिच्या पिशवीत साड्या भरत म्हणाल्या. "पण माझे गुडघे बघ ना."

"गुडघ्यांसाठी मला घराबाहेर काढताय, आई?"

सासूबाईंनी साडीची घडी तीनदा मोडली.

सुनेला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा रागही आला. माहेरी जाऊन सांगणार काय? चुलीनं हाकललं?

बाबा जाताना कफनी बदलून जुनी टाकून गेले होते. "बाही उसवलीय, सेवा समजून शिवा." फुकटच्या कामाला सेवा म्हणतात, हे मास्तरांना ठाऊक होतं. त्यांनी ती सुनेकडे सरकवली. तिनं बाही उलटी केली आणि हात थांबला. उजवी बाही आतून कोपरापर्यंत काळी. काठाला ठिणग्यांची बारीक भोकं. आणि वास कापराचा!

"मामंजी, चुलीला हात न लावणाऱ्या माणसाची बाही इतकी काळी कशी?"

मास्तरांनी चष्मा वर केला. आयुष्य बाह्या शिवण्यात गेलेला माणूस. "बाही वर सारून हा हात कुठल्यातरी भोकात घातलाय," ते म्हणाले.

दोघांनी एकदमच झाकणाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शेवटचा विधी आणि लगेच सुनेची रवानगी, असं ठरलं होतं. गर्दी कालच्या दुप्पट. सून पिशवी घेऊन आली आणि थेट कट्ट्यामागे, झाकणाला पाठ लावून बसली.

"ऊठ तिथून!" बाबा गरजले.

"जायच्या आधी घटकाभर टेकते, बाबा. तुम्हाला कुठं हात लावायचाय?"

आता आली का पंचाईत! बाबांनी फेरी मारली, सून हलली नाही. मंत्र मोठ्यानं झाला, सून हलली नाही. शेवटी नाइलाजानं त्यांनी काडी ओढली. चुलीनं एक उसासा टाकला आणि सगळा धूर बाबांच्या तोंडावर सोडला. मंत्र खोकल्यात बुडाला. इस्त्रीवाली डोळे पुसत म्हणाली, "आज देव रजेवर दिसतोय!"

सुनेनं दोरा तोडला, झाकण उघडलं. आत कापराच्या वड्यांचा काळा डाग. तिनं रद्दीचा कागद चुरगाळून आत पेटवला आणि मंत्राच्या सुरात म्हणाली, "छाती, कंबर, बाही, उंची!"

धुराडं हुंकारलं. पुढची ज्योत वाकली, आत ओढली गेली आणि पिंप धडधडू लागलं.

"धुराड्यात गार, जड हवा बसलेली असते," ती म्हणाली. "ती धूर वर जाऊ देत नाही. खालून तापवली की ती वर सरकते आणि धुराला मागून ओढते. बाबा कापूर जाळत होते, मी रद्दी जाळली. म्हणून तर डोळे मिटायचे होते, आणि म्हणूनच मला माहेरी धाडायचं होतं. हे झाकण एरवी मीच उघडते."

बाबा दाराकडे सरकत होते. "थांबा," मास्तर म्हणाले, "बाही शिवून झालीय." त्यांनी बाहीची काळी बाजू वर दिसेल अशी घडी घालून कफनी हातात ठेवली. लोक हसत बाजूला झाले.

"पण मुळात धुरायला का लागली?" दूधवालीनं विचारलं.

चूल गार झाल्यावर सुनेनं झाकणातून हात घातला. राखेचे लगदेच लगदे निघाले, त्यात वितळलेली बटणं. मास्तरांचे कान लाल झाले. कापडाची कातरण टाकवत नाही म्हणून ते रोज गुपचूप ती चुलीत घालत होते. त्या राखेनं पाइपाचं वळण बुजलं होतं, म्हणून ओढ कमी पडून धुराड्यातली गार हवा हलत नव्हती. दुकानभर हशा पिकला, पण सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी उचलली, आत नेली आणि साड्या एकेक करून फडताळात ठेवल्या.

"चुकले गं मी," बाहेर येऊन त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "काडी दे. मंत्र कुठला म्हणायचा?"

"कुठलाच नाही, आई."

सासूबाईंनी डोळे उघडे ठेवून, काही न बोलता काडी लावली. चूल पेटली. कागदही लागला नाही.

एवढंच सांगायचं. कुणी डोळे मिटायला सांगितलं, की आधी उघडा. धूर कुणाच्या पायगुणानं परत येत नाही. तो तुंबलेल्या पाइपातून येतो, आणि पाइप साफ करता येतो. त्यासाठी घरचं माणूस घराबाहेर काढावं लागत नाही.