सहावी किल्ली

किल्लीला हिरवी लोकर बांधलेली होती – म्हणजे ही तळमजल्यावरच्या शिक्षिकेची. सतरा कुंड्या आणि एक मासा. लाल लोकर घड्याळजींची, पिवळी समोरच्या जोडप्याची... पाच किल्ल्या, पाच रंग. लोकर ठमीनेच बांधली होती, कारण पहिल्याच दिवशी ती माशाचं खाणं भलत्याच घरात घेऊन गेली होती. उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी गाड्यांच्या टपांवर सामान बांधून सगळी इमारत रिकामी झाली, आणि जाताना प्रत्येकाने तिच्या तळहातावर किल्ली ठेवत तेच म्हटलं, "तू काय, इथेच आहेस ना!" परक्या देशात नऊ वर्षं काढून तिने एवढीच पदवी मिळवली होती.

तिने झारी नळाखाली धरली. कामालाही सुट्टीच होती. ती कवळ्या बनवायची. पण दातांचे डॉक्टर समुद्रावर गेलेले, त्यांची गिऱ्हाइकंही समुद्रावर, उन्हाळ्यात कुणाला दात लागतच नसावेत. आप्पांची कवळीसुद्धा तिच्याच हातची... दोन वर्षांपूर्वी घरी गेली तेव्हा वडिलांना स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवून तिने माप घेतलं होतं, आणि तोंडात मापाचा मसाला भरलेला असतानाही आप्पा हातवारे करून वाद घालत राहिले होते. तिला हसू आलं. मग आठवलं – उद्या.

उद्या सकाळी आप्पांच्या हृदयाचं ऑपरेशन. दोनदा ठरलेलं त्यांनीच दोनदा मोडलं. आता थांबण्यात अर्थ नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा म्हाताऱ्याने अट घातली – आत जाताना कवळी काढून द्यावी लागते म्हणे, ती मी ठमीच्या हातात देईन, दुसऱ्या कुणाच्या नाही. आणि ठमीने छातीठोकपणे सांगून टाकलं, येते.

तेव्हा वाटलं होतं, पासपोर्ट मिळेल. राहण्याच्या परवान्यासाठी तो कचेरीत दिलेला. शिक्के पडले होते, एक सही तेवढी राहिली होती... हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. आठ दिवस ती रोज जाऊन आली. तातडीच्या खिडकीवरची बाई वाईट नव्हती, तिने प्यायला पाणीसुद्धा दिलं. पण पासपोर्ट कपाटात, कपाटाची किल्ली साहेबांकडे, आणि साहेब सुट्टीवर. भांडायचं तरी कुणाशी? पाच घरं माझ्या हातांनी उघडतात, एक कपाट उघडत नाही.

सकाळी दादाचा फोन आला होता. "विमानात बसतेय म्हण. एवढंच म्हण. उद्या मी सांगेन, विमानाला उशीर झाला. तोवर ते आत गेलेले असतील."

"आणि शुद्धीवर आल्यावर?"

"येऊ देत तर शुद्धीवर," दादा म्हणाला.

आता फोन वाजला. आप्पा.

"ठमे, निघालीस का?"

"निघतेच आहे."

"बॅग भरली?"

"भरली की –" आणि मग तिचं तिलाच कळेना, खोटं इतकं भराभर कसं येतंय... निळी बॅग, तुमच्यासाठी मऊ चपला, दादाच्या मुलीला रंगपेटी, वजन जरा जास्तच झालंय... चपला खऱ्याच होत्या. महिन्यापूर्वी घेतलेल्या, कपाटात तशाच पडलेल्या.

"गॅस बंद केलास?"

"केला."

"खिडक्या?"

"लावल्या." आप्पा जन्मभर असेच निघायचे, कुलूप दोनदा ओढून, तिसऱ्यांदा अर्ध्या जिन्यातून परत येऊन.

"आणि किल्ली कुणाकडे दिलीस?"

कुणाचंही नाव चाललं असतं. आप्पा काय तपासायला येणार होते? पण तिची नजर हातातल्या जुडग्यावर गेली – शिक्षिका, घड्याळजी, समोरचं जोडपं, सगळे इथे, रंगीत लोकरीत – आणि सहावी, तिची स्वतःची, बिनलोकरीची... तिला एक नाव सुचेना.

"कुणीच नाही का गं तिथे?" आप्पांनी हळूच विचारलं.

पलीकडून वाटीत काहीतरी ठेवल्याचा टक्क असा आवाज आला. तो आवाज तिला झोपेतही ओळखता आला असता. इतकी वर्षं तिने दुसरं केलंय काय? आप्पांनी कवळी काढली होती. स्वतःच्या हाताने. म्हणजे त्यांना कळलं... म्हणजे ते आत जाणार? की आता कशालाच तयार नाहीत? कुठल्या तोंडाने विचारू मी?

"ठमे," ओठांतून हवा निसटणारा, बोळका आवाज आला, "आहेस ना?"

झारी केव्हाच भरून वाहत होती. दिवसभर तिला एकच धास्ती होती, आप्पांना कळेल. आता धास्ती गेली होती, आणि तिच्या जागी जे आलं होतं ते त्याहून जड होतं. निदान ओरडा तरी, आप्पा...

"इथेच आहे," ती म्हणाली. "निघाले नाही, आप्पा. इथेच आहे."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. तो मोजत ती उभी राहिली.