दिवेलागणीनंतरचं विरजण

दमयंती पुण्याला गेली असताना तिच्या नवऱ्याने, प्रमोदने, घरातलं दही संपवलं. पुढच्यासाठी चमचाभरही ठेवलं नाही. न्यूझीलंडमधल्या पोरिरुआतल्या त्या घरात अकरा वर्षं लागत आलेलं दही एका पराठ्यासोबत संपलं.

"सुपरमार्केटमध्ये हीप्स मिळतं की, ढिगाने," तो म्हणाला.

दमयंती फार्मासिस्ट. तिने त्या विकतच्या दह्याचं विरजण बरोबर त्रेचाळीस अंशांवर लावून पाहिलं. घट्ट लागलं, पण चव परकी.

मूळचं विरजण विनयाचं. इथल्या पहिल्या हिवाळ्यात दही काही केल्या लागेना, तेव्हा वरच्या गल्लीतली ही नर्स वाटी घेऊन आली होती. "तो थर्मामीटर ठेव बाजूला," म्हणत तिने दुधात करंगळी बुडवली आणि पातेलं गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात टॉवेलांत गुंडाळून ठेवलं. दुसऱ्या दिवशी रात्रपाळीहून परस्पर इकडेच आली, दही लागलंय का बघायला. पुढे विनयाचं बिघडलं, तेव्हा दमयंतीने दिलं. कोणाचं कोणतं, हे दोघी कधीच विसरल्या होत्या.

आता आठ महिने बोलणं नव्हतं. निवडणुकीच्या वेळी मराठी ग्रुपवर विनयाने लिहिलं होतं की, बाहेरून येणारे कमी करायला हवेत, हॉस्पिटलं पुरत नाहीत. दमयंतीने सगळ्यांदेखत विचारलं होतं, "स्वतः आत आलीस आणि आता दार लावतेस?"

शुक्रवारी कामावरून येताना तिने गाडी वरच्या गल्लीत वळवली. दही हे निमित्त, हे तिचं तिलाही कळत होतं. जुलै महिना, म्हणजे इथला ऐन हिवाळा, साडेपाचलाच अंधार.

विनयाने दार उघडलं.

"थोडं विरजण हवं होतं."

दमयंतीने पायरीवर ठेवलेल्या वाटीकडे विनयाने पाहिलं. "दिवेलागण झाली. आता देत नाहीत."

"बरं," म्हणून दमयंती वळली. इतक्या वर्षांत संध्याकाळी मागायची वेळच आली नव्हती. पण एका नर्सला नकारासाठी हीच सबब सापडावी? वाटी तिथल्याच पायरीवर राहिली, हे घरी पोचल्यावर लक्षात आलं.

शनिवारी पावणेआठला, टेकडीमागे नुकतं उजाडत असताना, बेल वाजली. गाऊनवर जाडं जॅकेट, पायांत जँडल्स, म्हणजे रबरी सपाता, हातात तीच वाटी. भरलेली.

"केव्हाची उजाडायची वाट बघतेय," विनया म्हणाली. "आई देत नसे गं. माझाही हात होत नाही."

"मला वाटलं..."

"वाटलं असणारच. तुला फार पटकन वाटतं."

दमयंतीने मान खाली घातली. "ग्रुपवर तसं लिहायला नको होतं मी."

"नकोच होतं. आणि माझं मत तेच आहे हं."

"माझंही बदललेलं नाही."

ओट्यावर नुकतंच तापवलेलं दूध होतं. दमयंतीचा हात सवयीने थर्मामीटरच्या ड्रॉवरकडे गेला, आणि थांबला.

"तूच बघ," ती म्हणाली.

विनयाने करंगळी बुडवली आणि झटकन मागे घेतली. "छे! अजून अर्धा तास तरी."

दमयंतीने चहाचं आधण ठेवलं. विनयाने जॅकेट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवलं.